ओवाळलेला हात

अजूनही कोणी जुना खेळाडू घरी आला, चहा झाला, की हळूच विचारते, काकू, कोच साहेब हजेरीच्या बाबतीत एवढे कडक कावून होते? मी म्हणते, बापा, एकेकाचा स्वभाव. अन् कप उचलून आत जाते. एवढी वर्षं झाली, आमचे हेही आता राहिले नाई, तरी खरं उत्तर माझ्या तोंडून निघालं नाई. माझं तोंड कसं आहे ते अख्ख्या मोहल्ल्याले माहीत आहे. दूधवाला माझ्या दारात पाणी घातलेलं दूध आणत नाई, शेजारीण माझ्या अंगणात कचरा लोटत नाई. पण या एका गोष्टीत माझी जीभ लाकडाची झाली. आता वय झालं. लपवून ठेवून कोणाचं भलं होणार आहे? तर सांगतेच.

हजेरी अशी होती. मैदानावर पोट्टे जमले की हे शिट्टी वाजवाच्या आधी एकेकाचं नाव घेत. ज्याचं नाव त्यानंच "हाजिर" म्हणाचं, तेही मान वर करून, यायच्या डोळ्यात पाहून. कोणी उशिरा आला तर चाले. कोणी आलाच नाई तर एक वेळ तेही चाले. पण दोस्तासाठी कोणी खोटं "हाजिर" म्हटलं, की त्या दिवशी खेळ बंद. सगळ्या टीमनं मैदानाले चकरा माराच्या, जोवर पाय उचलतात तोवर. पोट्टे मागून शिव्या देत. देऊ द्या. त्यायले काय माहीत.

आमचे हे भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातले. घरी धानाची शेती, पण खाणारी तोंडं जास्त. लहानपणी कामठीले मामाकडे राहिले. मामा छावणीत आचारी होता. तिथं शिपायांचा हॉकीचा खेळ चाले, अन् हे झुडपात गेलेले चेंडू शोधून देत. कोण्या शिपायानं मोडकी स्टिक दिली, ती यायनं सुतळीनं बांधली, अन् त्या सुतळीच्या स्टिकवर शिकले. पुढे नागपुरात एका कापडगिरणीनं टीममध्ये घेतलं. नाव लागलं मागावर, पण मागाले यायनं कधी हात लावला नाई. तेव्हाची रीतच ती होती. नुसत्या खेळाचा पगार देणं कोणाले सुचत नव्हतं. कुठंतरी कामगार म्हणून नाव लावाचं अन् मैदानावर खेळवाचं. खेळ आहे तोवर नोकरी आहे. खेळ सुटला की मागावर बसा, नाई तर घरी जा.

तिथून आमाले भिलाईले आणलं एका ठेकेदारानं. कारखाना तेव्हा उभा राहून राहिला होता. चहूकडे मुरूम उकरलेला, लोखंड पडलेलं, अन् कोहका गावाच्या पलीकडे आमची टिनाच्या खोल्यांची वस्ती. उन्हाळ्यात टिनाखाली माणूस भाजून निघे. ठेकेदाराकडे पाण्याच्या मोठ्या नळासाठी नाल्या खोदाचं काम होतं, अन् त्याले स्वतःले हॉकीचं भारी वेड. राजनांदगावले, रायपूरले त्याची टीम गेली पाहिजे, कप आला पाहिजे, बाकी साहेब लोकांसमोर मान ताठ राहिली पाहिजे. यायचं नाव लागलं खोदाईच्या टोळीत. हातात कुदळ कधी आली नाई.

खोदाईची एक पद्धत होती, ती सांगावी लागते. नालीत उतराच्या आधी प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला फळीवर टांगाचा, वर आलं की काढून खिशात टाकाचा. म्हणजे आत कोण आहे ते फळी पाहून कळे. हजेरीबाबूही दुपारी येऊन फळीवरचे बिल्ले पाहूनच हजेरी लावे. आता हे तर मैदानावर. मंग यायचा बिल्ला मुकादम आपल्याजवळ ठेवे अन् रोज सकाळी स्वतःच्या हातानं टांगे. टांगताना हसून म्हणे, हाजिर तो वजीर. सगळ्या टोळीले ते माहीत होतं. त्या टोळीत खेळाडू म्हणून एकटे हेच. कोणाचं पोट दुखत नव्हतं, कारण कप आला की ठेकेदार साहेब टोळीले सुट्टी देई अन् बकरा कापे. मलेही त्यात काई वाईट दिसलं नाई. माझा नवरा त्या खड्ड्यात उतरत नाई, एवढंच मले कळत होतं, अन् मी देवाले हात जोडत होती.

मंग गुडघा गेला. राजनांदगावच्या मॅचमध्ये कोण्या दांडगटानं स्टिक अशी घातली की वाटी सरकली. हाडवैद्यानं तेल लावून बांधलं, डॉक्टरनं पट्टी केली, पण वळताना पाय साथ देईना. मले वाटलं, गरज सरो वैद्य मरो, आता साहेब हातात कुदळ देते. पण साहेबानं बोलावून सांगितलं, तू पोट्ट्यायले शिकव. टीम जिंकत राहिली तर तू कोच. हरली, तर टोळीत नाव आहेच तुझं. हे घरी आले अन् खाटेवर बसून म्हणाले, आता दुसऱ्याच्या पायावर आपली भाकर आहे. मी म्हटलं, असू द्या, खड्ड्यावर तर नाई.

त्याच वर्षी माझा भाऊ आमच्याकडे आला. माझ्यापेक्षा लहान, पण अंगानं उभा आडवा. माय-बाबाले आम्ही दोनच. गावात काम नव्हतं, म्हणून यायनंच त्याले मुकादमाकडे लावून दिलं, त्याच टोळीत. खोदाईले तो वाघ होता. हॉकीचं त्याले काई कौतुक नव्हतं. जेवताना यायची मस्करी करे. म्हणे, भाऊजी, आमी गावात काठीनं ढोरं हाकलली तर कोणी कोच म्हटलं नाई, तुमी चेंडू हाकलता तर जीप येते. हे हसत. दोघायचं लय जमे. गुडघ्याले शेक द्याचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. मी वीट तापवून देई, अन् तो फडक्यात गुंडाळून शेकत बसे. बोलता बोलता दोघंही पेंगत.

कारखान्यावर रशियन लोक होते. त्यातला एक उंच, लाल मानेचा साहेब मैदानाच्या कडेले येऊन उभा राही. एक दिवस दुभाष्याले घेऊन आला अन् सांगितलं, की मी पण हॉकी खेळत होतो, पण बर्फावर, लोखंडी पात्याचे जोडे घालून. तिथं तो पगारी खेळाडू होता म्हणे, मंग पोट्ट्यायले शिकवाले लागला, अन् लढाईनंतर कारखान्यात आला. यायनं घरी येऊन हे सांगितलं तर माझा भाऊ खाटेवर लोळून हसला. म्हणे, बर्फावर माणसाले उभं राहता येत नाई, हे धावतील काय? पण यायले तो माणूस आवडला होता. म्हणाले, त्याचाही गुडघा गेला आहे, मी चालण्यावरून ओळखलं.

त्या दिवाळीले भाऊबीजेच्या दिवशी मी भावाले पाटावर बसवून ओवाळलं. त्यानं उतईच्या बाजारातून आणलेल्या हिरव्या बांगड्या ताटात टाकल्या अन् म्हणाला, ताई, पुढच्या वर्षी लुगडं, देवाशपथ. मी म्हटलं, उधारीची ओवाळणी मी घेत नाई. असंच काई तरी बोललो आम्ही. शेवटचं आहे म्हणून माणूस वेगळं बोलत नाई.

भाऊबीजेनंतर अवकाळी पाऊस आला. रात्रभर टिनावर वाजला. सकाळी उघडला, पण इकडची काळी माती पाणी प्यायली की जागची सुटते, हे खेड्यातल्या पोरालेही कळते. हे दारात उभं राहून म्हणाले, मैदानाचा चिखल झाला, आज सराव नाई, साहेब विचारन त्यापेक्षा कामावरच जातो, नालीतलं पाणी उपसाच्या पंपापाशी बसतो. भाऊ भाकर बांधून निघालाच होता. हे त्याले म्हणाले, "तू हो पुढे, मी मागून आलोच." मी ते माझ्या कानानं ऐकलं.

भाऊ गेला अन् थोड्या वेळानं साहेबाची जीप दारात. रशियन साहेबाचे दोन पाहुणे आले होते, त्यायले आपली हॉकी पाहाची होती. त्यायच्या बंगल्यांकडचं मुरमाचं मैदान सुकलं होतं, तिकडे चला. यायनं ट्रंकेतला पांढरा ड्रेस काढला, शिट्टी गळ्यात घातली अन् गेले. खड्ड्यावर निरोप पाठवावा असं कोणाच्याच मनात आलं नाई. कावून येईल? हे खड्ड्यावर नसणं हीच तर रोजची गोष्ट होती.

पुढचं मले टोळीतल्या बायकांनी नंतर सांगितलं. दुपारच्या आधी नालीची एक कड बसली. दोघं कमरेपर्यंत दबले, त्यायले ओढून काढलं, बाकीचे धावत वर आले. ज्याचा त्यानं बिल्ला काढला. फळीवर एक राहिला. मुकादम म्हणाला, हा तर खेळाडूचा, मीच टांगला सकाळी, तो मैदानावर असन. माझा भाऊ म्हणाला, नाई, आज भाऊजी कामावर आहेत, मले सकाळी म्हणाले मी मागून येतो. कड बसली त्याच टोकाले पंप आहे. मुकादमानं त्याचा हात धरला. तो हात झटकून फावडं घेऊन उतरला. दोन पुरुष खोल नाली. तो पंपाच्या टोकाले जाऊन माती उपसून राहिला होता अन् हाका मारून राहिला होता. मंग दुसरी कड बसली.

शेजारची छत्तीसगढी बाई धावत दारात आली, "तोर गोसइया दबगे" म्हणत. तुझा नवरा दबला. माझे हात पिठात होते. मले पहिले रागच आला, की ही बाई काय अभद्र बोलून राहिली, हे तर जीपमधून गेले, मी डोळ्यानं पाहिलं. मी धावली ती रडत नाई, भांडत धावली. मले वाटलं, जाऊन त्यायले सांगते, मूर्ख हो, आत कोणी नाई, काढा माणसं बाहेर. खड्ड्यावर गर्दी होती. सगळे उकरून राहिले होते. मी ओरडून सांगितलं, हे आत नाई, हे साहेबासोबत गेले, थांबा.

फावडी थांबली. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, मंग फळीकडे, अन् तो खालीच बसला. एक म्हातारा मजूर हळूच म्हणाला, "म्हणजे आत एकच आहे." मी विचारलं, कोण? मी माणसं पाहाले लागली. सगळ्या टोळीत माझा भाऊ तेवढा दिसेना.

त्याले काढलं तेव्हा हे आले. पांढराशुभ्र ड्रेस, गळ्यात शिट्टी, हातात स्टिक. वस्तीवरचा कोणी तरी सायकलनं सांगाले गेला होता. मी त्या पांढऱ्या ड्रेसकडे पाहिलं अन् माझ्या मनात असं आलं, की हा माणूस आत्ता या खड्ड्यात पाहिजे होता. आलं ते आलं. नवऱ्याबद्दल असं मनात आणणारी बाई मी आहे, अन् मले त्याची लाज नाई. हे चिखलात बसले, त्याच्या नाकातली माती बोटानं काढत राहिले. ड्रेस काळा झाला.

साहेबाच्या माणसानं त्याच संध्याकाळी सगळ्यायचं तोंड बंद केलं. बिल्ल्याची गोष्ट बाहेर गेली तर मुकादम जेलात जाईन, टोळी घरी जाईन, टीम मोडन. गेलेला परत येत नाई. कोणी काई बोललं नाई. मी त्या माणसाले दारातून अशा शिव्या दिल्या की तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाई. पण शिव्यांनी काय होते.

बाबा अन् माय तिसऱ्या दिवशी दुर्गले गाडीतून उतरले. तोवर सगळं आटोपलं होतं. घरात आले, मायनं रडून घेतलं. बाबा रडले नाई. खाटेवर बसले, पाणी प्याले अन् यायले विचारलं, "तो कोणाले काढाले गेला होता?"

मी चुलीपाशी होती. मले वाटलं, आता हे सांगतील. यायनं मान खाली घातली अन् म्हणाले, "मले."

"निघाले तुमी?"

"निघालो. त्यानंच काढलं. मंग दुसरी कड बसली."

बाबांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मंग म्हणाले, "कोणता हात धरून ओढलं त्यानं तुमाले?"

यायनं उजवा हात पुढे केला. माझ्या बाबांनी तो दोन्ही हातात घेतला अन् आपल्या डोळ्यांवर ठेवला. तेव्हा ते रडले. मायनंही मंग तो हात घेतला, आपल्या गालाले लावला, कपाळाले लावला. मी पाहत उभी. माझ्या भावानं त्या हाताले बोट लावलं नव्हतं. तो हात त्या वेळेले मुरमाच्या मैदानावर होता, अन् त्या लाल मानेच्या रशियन साहेबाले दाखवून राहिला होता की स्टिक कशी धराची, की आपल्याकडे चपट्या बाजूनंच मारता येते, उलट्या बाजूनं नाई. हे सुद्धा मले यायनंच सांगितलं होतं, आदल्या दिवशी, रडत रडत.

माय-बाबा गावाले गेल्यावर मी खूप भांडली. म्हटलं, खोटं कावून बोलले? हे म्हणाले, काय सांगू त्यायले? तुमचा पोरगा रिकामी माती उकरत मेला म्हणून? मी म्हटलं, खरं ते खरं. हे म्हणाले, मंग तू सांग. मी गावाले गेली तेव्हा दोनदा तोंड उघडलं होतं. दोन्ही वेळा माय विचारे, जवाईबापूचा हात दुखत तर नाई ना थंडीत? अन् माझं तोंड मिटे.

यायले हॉकी सोडाची होती. स्टिक माळ्यावर फेकली. बाबांच्या कानावर गेलं तर ते पुन्हा भिलाईले आले, निव्वळ तेवढ्यासाठी. म्हणाले, माझ्या पोरानं तुमाले घरी बसाले काढलं नाई, उठा. मंग उठले. मरेपर्यंत कोच राहिले. लोक म्हणतात, काय निष्ठा होती खेळावर. ज्याचं जळते त्याले कळते. दुसऱ्या वर्षी टीमनं कप आणला, साहेबानं फोटो काढला. त्या फोटोत सगळे हसून राहिले आहेत, हे सोडून. पुढे ठेकेदाराचं काम संपलं, तो गेला, मुकादम गेला, टोळी पांगली. आमची टिनाची वस्ती उठली अन् वसाहतीतल्या एका क्लबनं यायले ठेवून घेतलं. या वेळी कोच म्हणूनच नाव लागलं. यायनं शिकवलेले पोट्टे रेल्वेत लागले, पोलिसात लागले. चांगले कोच होते. खोटं कशाले बोलू, फारच चांगले होते. फक्त मैदानावर कोणी यायले कधी हसताना पाहिलं नाई.

अन् दर वर्षी भाऊबीज येई. आपल्याकडे भाऊ नसला की बाई चंद्राले ओवाळते. मी तेच करे. पण मायनं आपली वेगळीच रीत काढली. दिवाळीले आम्ही गावाले जावं, तिनं यायले पाटावर बसवावं, उजवा हात पुढे कराले लावावा, मनगटाले हळद-कुंकू लावावं, अन् त्या हाताले ओवाळावं. फक्त हाताले. म्हणे, माझ्या लेकाचं शेवटचं बोट इथं लागलं आहे. ताट मी धरे. हे डोळे मिटून बसत. त्या दिवशी हे घास मोडत अन् ताटातच ठेवत, अन् माय म्हणे, जेवा जवाईबापू, दोघायचं जेवा.

बाबा गेले, तसं मायले आम्ही भिलाईले घेऊन आलो. तिची नजर अधू झाली होती, हातानं चाचपून चाले. यायच्या पावलाचा आवाज ओळखे. गुडघ्यामुळे एक पाऊल घासत पडे ना. संध्याकाळी तो आवाज आला की म्हणे, आला माझा हात.

त्या वर्षीच्या भाऊबीजेले सकाळी सराव होता, पुढे मॅच होती म्हणून. हे लवकर परत आले. न बोलता मोरीत गेले अन् हात धुवाले लागले. किती वेळ धुतात म्हणून मी पाहाले गेली. उजवा हात साबणानं घासून राहिले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, एकानं दुसऱ्याची हजेरी दिली. मी त्याले मारलं. कानाखाली मारलं, कानातून रक्त आलं त्याच्या. दवाखान्यात पोचवून आलो. कान वाचते म्हणतात. यायनं आजवर पोट्ट्यायले चकरा माराले लावल्या, पण कोणाले हात लावला नव्हता.

बाहेर मायनं ताट मांडलंच होतं. दिवा तिनं स्वतः चाचपत लावला होता. हाक मारली, या जवाईबापू. हे पाटावर बसले. मी ताट उचललं. मायनं नेहमीसारखा आपला हात पुढे केला अन् हे काई हात देईना. ती म्हणाली, द्या ना.

"आई, मी आत नव्हतो," हे म्हणाले.

मायले वाटलं, हे मैदानावरचं काई सांगून राहिले. ती म्हणाली, कुठं आत? मंग यायनं सगळं सांगितलं. पाऊस, जीप, बिल्ला, मुकादम, रशियन साहेब, सगळं. सपाट आवाजात, खाली पाहून, काई न वगळता. माझ्या हातातलं ताट कललं. तेल सांडून दिवा विझला, तरी मी ताट खाली ठेवलं नाई.

झाल्यावर मायनं आपणहून यायचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला. उलटा सुलटा केला. बोटं चाचपली, तळवा चाचपला, स्टिक धरून पडलेले घट्टे चाचपले.

"म्हणजे या हाताले माती लागलीच नाई," ती म्हणाली.

मंग तिनं तेच विचारलं जे बाबांनी विचारलं होतं, फक्त माझ्याकडे तोंड करून. "मंग माझा पोरगा कोणाले काढाले गेला होता?"

"यायलेच," मी म्हटलं. "हे नव्हते, माय, पण तो यायलेच काढाले गेला होता."

मले वाटलं, हे खरं उत्तर आहे. आजही मले वाटते की तेच खरं आहे. पण मायनं तो हात उचलून यायच्या मांडीवर परत ठेवला, कोणाची वस्तू कोणाले द्यावी तसा, अन् मले म्हणाली, ताट ने.

त्यानंतर ती यायच्याशी रागानं बोलली नाई. जेवले का विचारे, गुडघा कसा आहे विचारे. जवाईबापूच म्हणे. पण संध्याकाळी घासत येणारं पाऊल वाजलं की आता ती काई म्हणत नव्हती, भिंतीकडे कूस वळवे. हे येऊन तिच्या खाटेपाशी थोडे थांबत. मंग कपडे बदलाले जात.

माघात ती गेली. शेवटच्या दिवशी श्वास लागला तेव्हा मी यायले मैदानावरून बोलावून घेतलं. मायच्या तोंडात पाणी घालाले पोरगा पाहिजे. पोरगा नाई, मंग जवाईच. हे तसेच आले, गळ्यात शिट्टी. मी वाटी दिली. यायनं आधी डाव्या हातात घेतली, मंग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, उजव्यानंच घाला, पाणी आहे ते. यायनं वाकून उजव्या हातानं चमचा तिच्या ओठाले लावला.

पाणी आत गेलं नाई. हनुवटीवरून गळ्याकडे उतरलं, अन् मी पदरानं पुसलं. तिचं तोंड आपोआप मिटलं होतं, का तिनं मिटलं होतं, हे मले आजवर सांगता आलं नाई. यायनं कधी विचारलं नाई. हे वाटी धरून तिथंच उभे राहिले, अन् बाहेर मैदानावरून धावत आलेले पोट्टे दारात चुपचाप उभे होते, त्यायची हजेरी त्या दिवशी व्हाची राहिली होती.